ग्लाइड सोडून स्पिन : एका सर्कलच्या नोंदी, मार्च ते ऑक्टोबर २०२५

मी सांगली जिल्ह्यात एका गावच्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे. शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्यपदक आणलं, तेव्हापासून आमच्या मैदानावर गोळा उचलणारी मुलं वाढली. त्यातल्या दोघांना फिरून फेकायला, म्हणजे स्पिन, शिकवायचं मी ठरवलं. वहीत लिहिलेलं जवळपास तसंच इथे देतोय. ज्यांना हेच करायचं आहे त्यांचे चार महिने तरी वाचावेत, एवढ्यासाठी.

२२ मार्च

मुलगी सोळा वर्षांची, उंची पाच फूट दोन इंच. तीन किलोचा गोळा ग्लाइडने ११.८४ मीटर, तोही गेल्या वर्षीचा. उभ्याने टाकला की १०.९०. म्हणजे मागून सरकत येऊन तिला फक्त ९४ सेंटीमीटर मिळतात. वर्षभर ताकदीचा व्यायाम करून हा फरक हलला नाही. पण ती पाच वर्षं खो-खो खेळली आहे. खांबाला वळसा घालताना तिचे पाय जसे पडतात तसे ग्लाइडमध्ये कधी दिसले नाहीत. स्पिनचा निर्णय मी तिच्या त्या पायांकडे बघून घेतला.

दुसरा म्हणजे मुलगा, पंधरा वर्षांचा, दणकट, थाळीफेकीची आवड असलेला.

तिच्या वडिलांनी विचारलं, "सर, चालू आहे ते मोडून नवीन कशाला?" प्रश्न रास्त आहे. अलेक्सांद्र बारिश्निकोव्हने १९७६ मध्ये फिरून २२.०० मीटरचा विश्वविक्रम केला, आज रायन क्राउझरचा २३.५६ चा विक्रमही फिरूनच झालेला आहे. पण उल्फ टिमरमनने १९८८ मध्ये २३.०६ टाकला तो ग्लाइडनेच. स्पिन सगळ्यांसाठीच सरस असं नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. ऑक्टोबरपर्यंत मुदत मागितली.

२९ मार्च

मातीवर फिरता येत नाही. पहिल्याच दिवशी पाय रुतला आणि गुडघा वळला. थोडक्यात वाचली. पक्कं सर्कल, म्हणजे ज्यात उभं राहून फेकायचं तो गोल कोबा, बांधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

४ एप्रिल

फॅब्रिकेशनवाल्याकडून सर्कलच्या काठाची धातूची रिंग आली आणि चुकलेली आली. गोळ्याच्या सर्कलचा व्यास २.१३५ मीटर असतो, पण तो आतून मोजायचा. त्याने बाहेरून धरला. पट्टी सहा मिलिमीटर जाड, म्हणजे आतला व्यास १२ मिलिमीटरने कमी झाला. चालतात फक्त पाच मिलिमीटर इकडेतिकडे. चूक माझी, कागदावर नुसतं '२.१३५' लिहून दिलं होतं. रिंग कापून ३८ मिलिमीटरचा तुकडा जोडला. ६०० रुपये आणि चार दिवस गेले. पट्टी २४ किलो भरली, किलोला ६८ रुपयांनी १,६३२. वाकवणं आणि वेल्डिंग १,२००.

११ एप्रिल

कोबा झाला. चार पोती सिमेंट, गवंडी दोन दिवस. आतली जमीन रिंगच्या काठापेक्षा दोन सेंटीमीटर खाली ठेवायची, ते बरोबर जमलं. गवंड्याने मन लावून पोलादी थापीने घोटलं, आरशासारखं चकचकीत. मलाही ते बघून आनंद झाला. तो आनंद कसा महागात पडला ते पुढे येईल.

सेक्टर, म्हणजे गोळा ज्या दोन रेषांच्या आत पडायला हवा ती जागा, आखायला कोनमापक लागत नाही. सर्कलच्या मध्यापासून २० मीटरवर दोन रेषांत बरोबर १२ मीटर अंतर ठेवलं की ३४.९२ अंश होतात. जागा कमी असेल तर १५ मीटरवर ९. एक दोरी, दोन खुंट्या, झालं.

१५ एप्रिल

कोब्यावर पाणी मारणं चालू, फेक बंद. लिथुआनियाचा थाळीफेकपटू मिकोलास अलेक्ना याने परवा अमेरिकेत रमोना इथे ७५.५६ मीटर थाळी टाकल्याचा व्हिडिओ मुलांनी दहा वेळा पाहिला. मुलगा म्हणाला, "सर, किती जोरात फिरतो!" मी तेव्हा मान डोलावली. सर्कलच्या मागच्या बाजूला तो सुरुवातीला किती सावकाश आहे हे मलाही तेव्हा दिसलं नाही.

२६ एप्रिल

पहिले फिरून टाकलेले गोळे. आठपैकी पाच वेळा डावा पाय घसरला. घोटलेला कोबा, त्यावर मैदानातली बारीक धूळ, म्हणजे साबण लावल्यासारखंच. स्पिनमध्ये डाव्या पायाच्या चवड्यावर अख्खं शरीर वळतं. पाय सरकला की पुढचं काहीच उरत नाही.

तारेच्या ब्रशने घासलं, उपयोग नाही. मग वरून सिमेंट आणि कचेचा पातळ थर दिला.

६ मे

तो थर पोपडे धरून निघाला. जुन्या कोब्यावर पातळ थर बसत नाही, हे गवंडी सांगत होता, मीच ऐकलं नाही. आता वरचे २५ मिलिमीटर छिन्नीने काढून नवीन थर टाकला आणि पोलादी थापी अजिबात न लावता लाकडी गुरमाळ्याने गोल फिरवत सोडला. आणखी १,२८० रुपये, आणि पाणी मारायचे दहा दिवस.

सर्कल बांधणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं : फार गुळगुळीत झालं तर पाय घसरतो, फार खरखरीत झालं तर पाय चिकटतो आणि पीळ गुडघ्यात जातो. जुन्या पीटी शूजच्या तळाची नक्षी घासून सपाट करून घेतली, बूट दुरुस्तीवाल्याने चाळीस रुपये घेतले. चवड्यावर उभं राहून पाव फेरा मारला की पाय वळला पाहिजे, आणि ढकललं तर सरकला नाही पाहिजे. एवढी परीक्षा पुरते.

१८ मे ते ७ जून

तीन आठवडे गोळा हातात नाही. रेघेवर फिरणं, अर्धा फेरा, मग साउथ आफ्रिकन ड्रिल : सेक्टरकडे तोंड करून डाव्या पायावरून मध्ये उडी, उजवा टेकला की डावा लगेच पुढे. रोज ४० वेळा. पहिल्या आठवड्यात दोघांनाही गरगरायचं. नजर एका जागी ठेवायला सांगितल्यावर ते थांबलं. सुरुवातीला डोळे शाळेच्या कडुनिंबावर, उजवा पाय उचलेपर्यंत तिथेच.

मुलगी लवकर शिकली. मुलाचा उजवा पाय दरवेळी सर्कलच्या मध्याच्या बराच डावीकडे पडतो. त्याला मी गोळा आणि थाळी दोन्हीची फिरकी एकदम शिकवत होतो, हे चुकलं. थाळीचं सर्कल अडीच मीटरचं, तिथे उजवा पाय लांबून फिरवत आणायला जागा असते. गोळ्याच्या सर्कलमध्ये साडेछत्तीस सेंटीमीटर कमी. तीच लांब फिरकी इथे घातली की पाय स्टॉप बोर्डवर, म्हणजे सर्कलच्या पुढच्या काठावरच्या लाकडी अडसरावर, जातो. आणि थाळीत हात लांब असतो, गोळा मानेला चिकटलेला असतो. एकाच वेळी एकच शिकवा.

१४ जून

मोबाइलवर स्लो मोशन घ्यायला सुरुवात केली. सेकंदाला २४० चित्रं, म्हणजे एका चित्राला साधारण चार मिलिसेकंद. चार क्षण धरले : उजवा पाय मागून उचलला, उजवा मध्ये टेकला, डावा पुढे टेकला, गोळा सुटला. मधली चित्रं मोजायची.

२१ जून

आठवड्याची सगळी मोजणी फुकट. माझा फोन २४० म्हणतो, पण घेतो १२० आणि प्रत्येक चित्र दोनदा दाखवतो. शंका आली ती दोन लागोपाठची चित्रं हुबेहूब दिसल्यामुळे. तपासायची सोपी रीत : १.२२५ मीटर उंचीवरून चेंडू सोडायचा. तो बरोबर अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो. २४० चा कॅमेरा असेल तर १२० वेगवेगळी चित्रं मिळायला हवीत. मला ६० मिळाली. एका माजी विद्यार्थ्याचा फोन मागून घेतला, त्यात ११९ आणि १२० आली.

२८ जून

या वहीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद.

महिनाभर मी सर्कलबाहेर उभा राहून "फास्ट! अजून फास्ट!" असं ओरडत होतो. फिरण्याचा वेग वाढला की गोळा लांब जाणार, असा माझा सरळ हिशोब. आज मुलीने बारा फेकी केल्या. पहिल्या सहा मी म्हणतो तशा, सगळ्या जोराने. मग ती म्हणाली, "सर, तुम्ही ओरडता तेव्हा माझे खांदे आधी पळतात. एकदा माझ्या मनाने टाकू का?" पुढच्या सहा तिच्या मनाने.

जोरातल्या सहांची सरासरी १०.६२. तिच्या मनाच्या सहांची ११.३१.

रात्री चित्रं मोजत बसलो. जोरातल्या फेकीत उजवा पाय उचलल्यापासून मध्ये टेकेपर्यंत ९६ चित्रं, तिथून डावा टेकेपर्यंत ७२, तिथून गोळा सुटेपर्यंत ६०. तिच्या मनाच्या सर्वांत लांब फेकीत १०८, ५८ आणि ५२. मागच्या बाजूला ती जास्त वेळ घेते आणि तरी एकूण वेळ कमी भरतो, २२८ ऐवजी २१८.

कारण चित्रात उघड दिसतं. आमच्या मैदानावर सेक्टरकडे तोंड केलं की पाठीमागे शाळा आणि उजव्या हाताला रस्ता. डावा पाय पुढे टेकतो त्या क्षणी छाती शाळेकडे असायला हवी, म्हणजे गोळा अजून मागे आहे आणि कंबर पुढे निघाली आहे. त्या पिळातून फेक निघते. जोरातल्या फेकीत डावा पाय टेकेपर्यंत छाती रस्त्याकडे वळून गेलेली. पीळ हवेतच सुटला. मग उरतो नुसता हात, आणि नुसत्या हाताने ती उभ्यानेही १०.९० टाकतेच.

म्हणजे वेग हवा तो दोन जागी : उजवा टेकल्यावर डावा किती लवकर येतो तिथे, आणि त्यानंतर. मागच्या बाजूला सावकाश, पण थांबत नाही. मी 'फास्ट' हा शब्द मैदानावर बंद केला.

५ जुलै

आता सगळं काम ७२ च्या त्या आकड्यावर, म्हणजे उजवा टेकल्यापासून डावा टेकेपर्यंतच्या चित्रांवर. डावा पाय उशिरा का येतो ते पाहिलं. तो मागून मोठा वळसा घेऊन येत होता. तिला म्हणालो, "दोन्ही गुडघे एकमेकांना घासून गेले पाहिजेत." तिने लगेच विचारलं, "खांबाजवळ वळताना पाय जवळ ठेवतो तसं?" तसंच. मी हे दोन आठवडे वेगवेगळ्या शब्दांत सांगत होतो, तिने तिच्या खेळातला एक शब्द शोधला आणि काम झालं. ७२ वरून ६१, मग ५५.

१२ जुलै

पावसाने सर्कल भरलं. काठापेक्षा जमीन खाली, पाणी जायला वाट नाही, आणि बांधताना मला सुचलं नाही. ड्रिल मशीनने कडेला तीन भोकं पाडली, खाली खडीपर्यंत. बांधतानाच पाइपचे तुकडे उभे घातले असते तर हे लागलं नसतं. ओल्या सर्कलमध्ये स्पिन करू देत नाही. आधी पोतं, मग कोरडा टॉवेल.

१९ जुलै

वाईट दिवस. मुलाने थाळी फिरून टाकली, हात लवकर सुटला आणि थाळी उजवीकडे गेली. उजव्या हाताने फेकणाऱ्याची लवकर सुटलेली थाळी उजवीकडेच जाते, आणि आमच्या उजवीकडे रस्ता आहे. रस्त्यावर कोणी नव्हतं. दीड किलोची थाळी पलीकडच्या उसात सापडायला दोन तास लागले. घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. जाळीशिवाय थाळीची फिरकी सुरू केली ही माझी अक्षम्य चूक होती. दुसऱ्या दिवसापासून थाळी बंद.

९ ऑगस्ट

जाळी उभी राहिली. बांबू आणि नायलॉनची क्रिकेटची जाळी, उंची चार मीटर, ३,२०० रुपये. जाळी ताणून बांधायची नाही, सैल सोडायची, नाहीतर थाळी आदळून परत येते. खालचं टोक जमिनीवर लोळत राहील इतकं लांब ठेवा.

मुलाचा दुसरा दोष आता दिसला : फिरताना तो कोपर वाकवतो. खांदा सैल न ठेवता थाळी ओढून घेतो. अक्षापासून थाळीचं अंतर ८० सेंटीमीटरचं ६५ झालं, तर तेवढ्याच फिरण्याच्या वेगात थाळीचा वेग जवळपास पाचव्या हिश्श्याने घटतो. पाण्याने भरलेली छोटी बादली हातात धरून सावकाश फेरे मारायला लावले. कोपर वाकलं की पाणी त्याच्याच पायावर सांडतं.

२३ ऑगस्ट

मुलीची स्पर्धा. तीन फेकी, तिन्ही फाउल. नावापुढे अंतरच नाही.

तिथलं सर्कल आमच्याहून गुळगुळीत होतं. पहिल्या दोन्ही वेळा ती वेगात पुढे घसरली आणि पाय स्टॉप बोर्डच्या वर पडला. बोर्डच्या आतल्या बाजूला पाय लागलेला चालतो, वर लागला की गेली फेक. तिसऱ्या वेळी घाबरून तिने सगळंच मंद केलं आणि गोळा सेक्टरच्या उजव्या रेषेबाहेर. येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी समजूत घातली नाही, ती वेळ नव्हती.

आमच्याकडे तोपर्यंत स्टॉप बोर्डच नव्हता, विटा ठेवून काम चाललं होतं. विटांना पाय लागला तर त्या सरकतात, त्यामुळे अडवणारा पाय कसा रोवायचा हे तिच्या शरीराला माहीतच नव्हतं.

३१ ऑगस्ट

सुताराकडून बाभळीचा बोर्ड. आतली बाजू रिंगच्या गोलाईत, लांबी १.२१ मीटर, उंची दहा सेंटीमीटर, रुंदी ११.२. पहिला त्याने सरळ केला होता, परत दिला. १,४०० रुपये. खालून बोल्टने पक्का बसवला.

नवे नियम आम्ही दोघांनी मिळून ठरवले. स्पर्धेत पहिली फेक ग्लाइडने, अंतर नोंदवून घ्यायचं. सरावाच्या वेळी सर्कलमध्ये दोन कोरडे फेरे मारून जमीन ओळखायची, बरोबर ओलं फडकं ठेवायचं. घसरत असेल तर बुटाचा तळ त्यावर पुसायचा. आणि गोळा सुटल्यावर पायांची अदलाबदल करून खाली बसकण, नजर डावीकडे. हे शेवटचं मी जुलैत शिकवायला हवं होतं.

१३ सप्टेंबर

तिच्या डाव्या मांडीच्या सांध्यात दुखू लागलं. वही चाळली तर कारण सापडलं : त्या स्पर्धेनंतर रोज ३५-४० पूर्ण फेकी. वाईट वाटत होतं म्हणून दोघेही जास्त करत गेलो. बारा दिवस फेक बंद. त्यानंतर आठवड्यात तीनच दिवस, दिवसाला जास्तीत जास्त १८ पूर्ण फेकी, बाकी ड्रिल. हा आकडा मी सुरुवातीलाच भिंतीवर लिहायला हवा होता.

२ ऑक्टोबर

विश्रांतीनंतर आज १२.२०. मला वाटलं टेप चुकली, पुन्हा मोजलं. चित्रं : ११०, ५०, ४८.

हिशोब करून पाहिला. बारा मीटरला गोळा साधारण सेकंदाला १०.१ मीटर वेगाने सुटावा लागतो, तेरा मीटरला १०.६. म्हणजे पाच टक्के वेगावर मीटरभर अंतर. एवढीशी वाढ त्या मधल्या पावलाच्या दहा-वीस चित्रांत दडलेली असते.

११ ऑक्टोबर

मुलाबद्दलही लिहिलं पाहिजे. गोळ्यात त्याचा स्पिन बसला नाही. ग्लाइडने तो १२.९० टाकतो, फिरून ११.४० च्या वर गेला नाही, आणि प्रत्येक दुसरी फेक फाउल. त्याचे पाय मंद आहेत, ताकद भरपूर आहे. त्याला गोळ्यात ग्लाइडवर परत आणलं. थाळीत मात्र फिरकी ठेवली, कारण थाळीत तिला पर्याय नाही. कोपर आता सरळ राहतं. वारा समोरून असताना थाळीचं नाक किंचित खाली ठेवायचं हेही त्याला जमू लागलंय. उभ्याने २६, फिरून ३३.

२५ ऑक्टोबर

मुलीची स्पर्धा. पहिली फेक ग्लाइडने ११.७५. दुसरी फिरून फाउल, पण ती हसत बाहेर आली आणि म्हणाली, "सर, पाय बरोबर पडला होता." तिसरी १२.६१.

वडील आले होते. त्यांनी विचारलं, आता चार किलोचा गोळा कधी. मी म्हणालो, सोमवारपासून, आठवड्यातून एकदाच.

आतापर्यंतचा एकूण खर्च : रिंग २,८३२, तिची दुरुस्ती ६००, कोब्याचं सिमेंट १,५२०, गवंडी १,८००, दुसरा थर १,२८०, जाळी ३,२००, बोर्ड १,४००. बेरीज १२,६३२. वाळू-खडी गावातल्या एका बांधकामावरून फुकट मिळाली. यातले १,८८० रुपये निव्वळ माझ्या चुकांचे.

२६ ऑक्टोबर

सर्कल झाडताना दिसलं, मागच्या बाजूला जिथे तिचा डावा पाय वळतो तिथे तळहाताएवढी जागा घासून चकचकीत झाली आहे. हात फिरवून पाहिला, घसरेल अशीच आहे. सुट्टी संपायच्या आत गवंड्याला बोलावलंय. या वेळी लाकडी गुरमाळा मीच नेणार आहे.